वाट्याची खिंड

कारंडेवस्तीच्या बिरोबाच्या देवळावर जो भोंगा आहे, त्यातून एरवी आरती, हरवलेली शेळी आणि लसीकरणाची तारीख एवढंच ऐकू येतं. त्या सकाळी मात्र युवराजनं त्यातून वस्तीचा माळ मेल्याचं जाहीर केलं. शब्द अर्थातच निराळे होते. पंचायतीचा सदस्य झाल्यापासून युवराजला साधं बोलताच येत नव्हतं.

"आपल्या बिरोबाच्या माळावर महत्त्वाचा असा एकही वन्यप्राणी राहत नाही, हे आपल्याच वस्तीच्या महिला भगिनींनी वर्षभर मोबाईलवर केलेल्या नोंदींवरून सिद्ध झालेलं आहे. तरी सदर पडीक माळावर चर खोदून झाडं लावण्याचा आणि भोवती तारेचं कुंपण घालण्याचा ठराव येत्या ग्रामसभेत वनखात्याच्या साहेबांपुढं ठेवण्यात येईल. महिला भगिनींचे जाहीर आभार."

सारजाबाई कोकरांना पाजत होती. ती तशीच ताठ उभी राहिली. माळाला पडीक म्हटलेलं तिनं याआधीही ऐकलं होतं. ज्यांना उसाशिवाय हिरवं दिसत नाही, त्यांना गवत म्हणजे पडीकच. पण "आभार" हा शब्द तिच्या जिव्हारी लागला. आपल्याच हातानं आपला गळा दाबून घ्यावा आणि वर कुणीतरी शाल-श्रीफळ द्यावं, तसं तिला झालं.

माळाला कुंपण पडलं की मेंढरं विकायची, हे वस्तीत कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. पवन्या आणि मारवेल उघड्यावर वाढणारं गवत. झाडांची सावली पडली की ते जातं, त्याच्या मागोमाग त्यात अंडी घालणारी पाखरं जातात, आणि मेंढका जातो नातेपुत्याला कुणाच्या तरी दुकानात पोती उचलायला. सारजाबाईच्या नवऱ्याचे, महिपतीचे, गुडघे आता पोती उचलायचे राहिले नव्हते. आणि राहिले असते तरी तिनं त्याला जाऊ दिलं नसतं.

आता हे "सिद्ध" कसं झालं ते सांगायला हवं, कारण त्यात सारजाबाईचाच हात होता. हात म्हणजे, खरं तर अंगठा.

गेल्या वर्षी एका संस्थेकडून सिद्धेश्वरी नावाची मुलगी स्कूटीवरून वस्तीत आली. अक्कलकोटच्या बाजूची, घरी कन्नड आणि बाहेर मराठी बोलणारी, वडिलांचं भुसार मालाचं दुकान. दुकानात बसायचं सोडून ही रानावनात बायकांना मोबाईल शिकवत का फिरते, याचं वस्तीला मोठं नवल वाटलं. तिनं देवळाच्या सभामंडपात बायकांना बसवलं, हातात मोबाईल दिले आणि प्राणी-पाखरांचे, झाडांचे फोटो काढून 'माळनोंद' नावाच्या ॲपमध्ये कसे टाकायचे ते शिकवायला घेतलं. पहिल्या दिवशी केराबाईनं मोठ्या भक्तिभावानं स्वतःच्याच बोटाचे फोटो काढले. ॲपनं ते घोरपड असावं असं सुचवलं. केराबाई त्या ॲपशी दोन दिवस बोलत नव्हती.

सारजाबाई शिकायला आली ती मुळात भांडायला.

"आमचा माळ आमी रोज बघतुयाच की. त्यो आनी मोबाईलला कशापायी दाखवायचा?" तिनं विचारलं.

"तुम्ही बघता ते तुमच्यापाशीच राहतं ना बाई," सिद्धेश्वरी म्हणाली. "जे नोंदलं नाही ते नाहीच, असं बाहेरचे लोक धरून चालतात."

"मग बाहेरच्यांचे डोळे फुटले म्हनायचे."

"हौदु, फुटलेत," ती मुलगी हसून म्हणाली. "म्हणून तर तुमचे पाहिजेत."

हे उत्तर सारजाबाईला आवडलं. भांडायला आलेल्या माणसाशी कसं बोलावं हे या पोरीला कळतं, असं तिचं मत झालं, आणि ती शिकायला बसली. बसली ती चांगलीच बसली. खड्यांत खड्यासारखी दिसणारी धाविक पाखराची अंडी, खोकडाची पिल्लं, टिटवी, तितर, साळिंदराचे काटे, सगळं तिच्या मोबाईलमध्ये जमायला लागलं. ॲपनं चुकीचं नाव सुचवलं की ती त्याला मनापासून शिव्या घालायची. महिपती म्हणायचा, "माझ्यावरचा राग कमी झालाय, बरं झालं त्यो मोबाईल आला."

पुढं संस्थेनं ट्रॅप कॅमेरे दिले. खुंट्याला बांधून ठेवायचे, समोर काही हललं की आपोआप फोटो निघतो. दर आठवड्याला बायकांनी त्यातलं कार्ड काढून मोबाईलला लावायचं, गवत हललं म्हणून निघालेले रिकामे फोटो पुसायचे आणि उरलेले वर पाठवायचे. पुसायचं बटण सारजाबाईच्या अंगठ्याला पाठ झालं.

आणि त्या कार्डात लांडगा येत होता. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा येत होता. कधी एकटा, कधी जोडीनं, एकदा तर पिल्लांसकट. दर वेळी सारजाबाई तो फोटो निरखून बघायची, मनातल्या मनात हात जोडायची आणि रिकाम्या गवताबरोबर त्यालाही पुसून टाकायची. केराबाई तेच करायची. बाकीच्या बायकाही तेच करायच्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

कारण कारंडेवस्तीत लांडग्याला लांडगा म्हणत नाहीत, वाटेकरी म्हणतात. फार मागं दोघा भावांत कळपाची वाटणी व्हायची होती, धाकटा रागानं रानात निघून गेला, त्याचा वाटा तेवढा राहिला, असं तिथली म्हातारी माणसं सांगतात. म्हणून तो येतो आणि आपलं कोकरू घेऊन जातो. मेंढक्यानं ओरडावं, हाकारावं, कुत्री सोडावीत, सगळं माफ. पण ते माळाच्या कडेला दगडी बांधाला जी खिंड आहे तिथपर्यंतच. त्या खिंडीपलीकडं एक पाऊल टाकायचं नाही. खिंडीत थांबायचं, चिमूटभर भंडारा टाकायचा, "वाटा पोचला" म्हणायचं आणि मागं फिरायचं. पलीकडं त्याचं घर आहे. आणि भावाचं घर कुठं आहे हे परक्याला सांगणं म्हणजे चहाडी.

उसाच्या पट्ट्यात लांडग्याच्या बिळात धूर करणारे लोक आहेत. गाड्या घेऊन येणारे, बिळाच्या तोंडाशी कॅमेरे रोवून बसणारे हौशी लोकही आहेत. तेव्हा बायकांनी जे केलं ते अडाणीपणानं केलं असं कुणी म्हणू नये. समजून-उमजून केलं, आणि तरीही चुकलं.

भोंगा बंद झाल्यावर सारजाबाईनं पदर खोचला आणि ती थेट युवराजच्या दारात गेली. दारात नवा जेसीबी उभा होता, पुढच्या काचेवर 'बिरोबा प्रसन्न' लिहिलेला. माळावरचे चर कोण खोदणार हे विचारायचं कारण नव्हतं.

युवराज तिचा पुतण्या. आई लवकर गेली तेव्हा सारजाबाईनंच त्याला वाढवला होता, मेंढीच्या दुधावर आणि स्वतःच्या धाकावर. तो तिला बघून पायरीवरून उठला. तेवढी रीत त्याच्यात अजून होती.

"माळावर वाटेकरी न्हाय म्हनून सांगतूस?" सारजाबाईनं विचारलं. "तुला ठाव न्हाय व्हय रं?"

"मी कुटं काय म्हनलो, काकू? तुमच्या नोंदी म्हनत्यात."

"नोंदी गेल्या खड्ड्यात. तू सांग, हाय का न्हाय?"

युवराजनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "काकू, मला ल्हानपनी कुनी शिकवलं, वाटेकऱ्याचं घर परक्याम्होरं बोलू नये म्हनून? तुमीच की. मी तुमचंच ऐकतुया. माझ्या तोंडातनं न्हाय निघायचं."

आपणच शिकवलेली गोष्ट या पोरानं उलटी धरून आपल्याच पोटात खुपसली होती. तिला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली. मोठा झालाय, सदस्य आहे, हे आठवलं म्हणून नव्हे, तर हातात कोकराच्या दुधाची बाटली होती म्हणून ती राहिली.

"मेंढरं पाळून कुनाचं भलं झालंय?" युवराज समजुतीच्या सुरात म्हणाला. "झाडं लागतील, चार पोरांना काम मिळंल. तुमी आता आराम करायचा."

"आराम तू कर," सारजाबाई म्हणाली. "माळ कसा खांदतूस तेच बघते."

तोंडानं बोलणं सोपं होतं. घरी आल्यावर तिनं मोबाईल उघडला आणि वर्षभराच्या नोंदी वर-खाली केल्या. ससा होता, खोकड होतं, नको तितकी टिटवी होती. जो हवा होता तो कुठंच नव्हता. तिनंच ठेवला नव्हता.

सिद्धेश्वरी दुपारी आली. ठराव तिलाही कळला होता आणि ती आधीच वैतागलेली होती. सारजाबाईनं तिला आत बोलावलं, पाणी दिलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"पुसले?" सिद्धेश्वरी उठून उभीच राहिली. "मी तुम्हाला रिकामे फोटो पुसायला शिकवलं होतं!"

"माझ्या लेखी ते रिकामंच हुतं."

"अय्यो, बाई! कायद्यात लांडग्याला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. एक नोंद असती, एकच, तर हा ठराव तिथंच अडला असता. आधी सगळ्या माळाची तपासणी करावी लागली असती. आणि मी तर सांगितलं होतं, लांडग्याची जागा ॲप बाहेरच्या कुणाला दाखवत नाही."

"सांगितलंस की. पन तवा तुझ्यावर इश्वास कुटं बसला हुता? स्कूटीवरनं आलीस, स्कूटीवरनं जाशील."

हे सिद्धेश्वरीला लागलं. तिचे डोळे भरून आले, आणि ते दिसू नयेत म्हणून ती जास्तच कडक बोलली. "ठीक आहे. अजून वेळ आहे. तुम्हाला बीळ माहीत आहे ना? चला, आत्ता जाऊ. पिल्लांसकट एक फोटो. काम होऊन जाईल."

"न्हाय."

"बाई, माळ जाईल!"

"माळ वाचवायला भावाचं घर दावू? मग त्या युवराजात आन माझ्यात काय फरक ऱ्हायला गं?"

सिद्धेश्वरीनं कपाळाला हात लावला. इतकी हट्टी बाई तिनं पाहिली नव्हती, आणि सिद्धेश्वरीची स्वतःची आई काही कमी हट्टी नव्हती. ती हेल्मेट घालून निघाली. स्कूटी चालू होते न होते तोच सारजाबाई मागून ओरडली, "थांब गं जरा! घर न्हाय दावायचं. पन त्येच्या वाटंचा पत्ता द्यायला काय हरकत हाय?"

संध्याकाळी बायका देवळात जमल्या. सारजाबाईचं म्हणणं सरळ होतं. वाटेकरी कोकरू घेऊन खिंडीतूनच जातो, तेव्हा कॅमेरा खिंडीवर लावायचा. केराबाईला ते अजिबात पटलं नाही.

"खिंडीवर कॅमेरा म्हंजे भावाच्या दारात पोलीस बसवल्यागत," ती म्हणाली. "लई वंगाळ दिसंल."

"खिंडीच्या पल्याड त्येचं, अल्याड आपलं," सारजाबाई म्हणाली. "अल्याड उभं ऱ्हाऊन हाकारायची मुभा हाय का न्हाय आपल्याला? मग नुसतं बघायला कुनी मना केलंय? कॅमेरा अल्याडच्या खुट्टीला बांधू. त्येचं तोंड खिंडीकडं, घराकडं न्हाय."

"आन बिरोबाचा कोप झाला म्हंजे?"

"झाला तर माझ्यावर हुईल. मी बांधते कॅमेरा. तुमी नुसत्या संगं या."

बायका संगं गेल्या. कॅमेरा बांधताना सारजाबाईनं आधी खिंडीत भंडारा टाकला. एखाद्याच्या दारात जाताना चपला काढाव्यात तसं होतं ते. सिद्धेश्वरीनं बजावलं की आमिष म्हणून काही ठेवायचं नाही, त्या फोटोला कुणी किंमत देणार नाही. सारजाबाईला ते ऐकून राग आला. वाटा काय आमिषासारखा मांडायचा असतो होय, तो ज्याचा त्यानं यावं आणि न्यावा.

पण वाटेकरी काही येईना. एरवी नको तेव्हा येणारा प्राणी, आता सारी वस्ती त्याची वाट बघत होती आणि त्याचा पत्ता नव्हता. कार्ड काढलं की त्यात ससे निघायचे, कावळे निघायचे. एकदा केराबाईचा नवरा निघाला, नको त्या कामाला बसलेला. तो फोटो मात्र रीतसर पुसण्यात आला. तिकडं युवराज गावभर सांगत फिरत होता की काकूंनी माळात कुठंतरी सीसीटीव्ही लावलाय. लोक हसत होते. महिपती रात्री जेवताना म्हणाला, "न्हाय आला तर?" सारजाबाई म्हणाली, "येनार." आणि तिनं ताट बाजूला सारलं. भाऊ खरंच रुसला असेल का, आपण इतक्या वेळा त्याला पुसलं त्याचा राग आला असेल का, असले वेडेवाकडे विचार तिच्या मनात येऊन गेले.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी दुपारी ती सिद्धेश्वरीला घेऊन खिंडीवर गेली आणि तिथंच बाभळीखाली बसून कार्ड मोबाईलला लावलं.

पहिल्याच फोटोत तो होता. नुकतं उजाडलेलं, गवत सोनेरी, आणि खिंडीच्या मधोमध वाटेकरी उभा. तोंडात कोकरू. मान वळवून त्यानं थेट कॅमेऱ्याकडं बघितलं होतं. सिद्धेश्वरीनं आनंदानं कन्नडमध्ये काहीतरी म्हटलं आणि सारजाबाईला मिठी मारली. सारजाबाईनं तिला बाजूला केलं, कारण तिला कोकराच्या पाठीवर काहीतरी दिसलं होतं. तिनं फोटो मोठा केला. पाठीवर हिरव्या रंगाचा पट्टा होता. वस्तीत प्रत्येक घराची रंगाची खूण ठरलेली असते, आणि हिरवा पट्टा युवराजचा. त्याची मेंढरं आता गडी राखायचा, पण खूण त्याचीच होती.

तिनं पुढचा फोटो लावला. त्याच सकाळचा, थोडं ऊन वर आलेलं. खिंडीच्या अलीकडं युवराज उभा होता. सदस्य झाल्यापासून घालतो तो पांढरा शर्ट, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवलेल्या. हात पुढं पसरलेला आणि हातातून भंडाऱ्याची पिवळी धूळ उडालेली.

सारजाबाईनं तोही फोटो मोठा केला. इतके दिवस जी चीड पोटात धरली होती, तिच्या खालून एकदम माया वर आली. पोरगं खोटं बोलत होतं, माळ खणायला निघालं होतं, पण वाटा पोचवायला चपला काढून आलं होतं. कुणी बघत नसताना आलं होतं. तिला रडू आलं आणि त्याच्या मुस्काटात मारावीशीही वाटली, आणि यातलं काय जास्त होतं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"माणसांचे फोटो आपण ठेवत नाही, बाई," सिद्धेश्वरी हळूच म्हणाली. "नियम आहे. पुसायला हवा."

"पुसायचं बटन मला येतंय," सारजाबाई म्हणाली. "कवा पुसायचं ते मी ठरवीन."

ग्रामसभा देवळापुढच्या पारावर भरली. वनखात्याचे साहेब खुर्चीत बसले होते, शांत माणूस, घाम पुसत सगळ्यांचं ऐकून घेणारा. युवराजनं ठराव वाचला आणि वर महिला भगिनींचे पुन्हा आभार मानले. तेव्हा सारजाबाई उठली.

"आभार ऱ्हाऊ द्या. नोंद चुकलीया," ती म्हणाली. "माळावर लांडगा हाय."

वस्तीत हा शब्द असा चारचौघांत उच्चारलेला कुणी ऐकला नव्हता. म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. सिद्धेश्वरीनं साहेबांना मोबाईलवरचा पहिला फोटो दाखवला. साहेब पुढं झुकले. फोटो हातोहात फिरला आणि युवराजपर्यंत गेला. त्यानं तो बघितला. कोकराच्या पाठीवरचा पट्टा त्याला दिसला नसेल असं होणार नाही. त्याचा चेहरा क्षणभर उतरला, पण समोर साहेब होते, दारात जेसीबी उभा होता, आणि माघार घ्यायची त्याला सवय राहिली नव्हती.

"साहेब, हे कुत्रं आहे," तो म्हणाला. "वस्तीवर अशी मोकाट कुत्री पुष्कळ आहेत. उसातली गावठी कुत्री लांडग्यासारखीच दिसतात. एका फोटोवर गावाचा विकास अडवणार का?"

साहेबांनी सिद्धेश्वरीकडं बघितलं. ती मोबाईल परत घेऊन शेपटी, कान, छातीची ठेवण समजावून सांगू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, कुत्रं बी असंल की. दोघं-तिघं हसले. पारावर कुजबुज वाढायला लागली. सारजाबाईनं सिद्धेश्वरीच्या हातातून आपला मोबाईल घेतला, गर्दीतून वाट काढत ती युवराजपाशी गेली आणि दुसरा फोटो उघडून त्याच्या डोळ्यांपुढं धरला. त्याच्या एकट्याच्या. बाकी कुणाला दिसू नये म्हणून तिनं पदराचा आडोसा केला होता.

मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "युवराज, कुत्र्याला कुनी भंडारा टाकतं का रं?"

जे हसत होते ते पहिल्यांदा गप्प झाले. फोटो कुणी बघितला नव्हता, तरी प्रश्न काय आहे ते वस्तीतल्या पोराटोरालाही कळलं. साहेबांना तेवढं कळलं नाही, आणि ते एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिले.

युवराज फोटोतल्या स्वतःकडं बघत होता. "हाय" म्हटलं तर ठराव जातो. "न्हाय" म्हणायचं तर बिरोबाच्या पारावर बसून आपल्याच हातचा भंडारा खोटा पाडायचा. तो चांगला लबाड होता, पण इतका नव्हता. सारजाबाईनंच वाढवला होता त्याला.

"बोल की," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तू म्हनशील ती नोंद."

"न्हाय," युवराज म्हणाला.

"काय न्हाय?"

"कुत्र्याला न्हाय टाकत भंडारा." त्यानं मान वर केली आणि साहेबांकडं वळून, रागानं, जणू साहेबांनीच त्याला फसवलं होतं असं ओरडला, "वाटेकरी हाय त्यो! लांडगा! कोकरू माझं नेलंय, साहेब. दर वर्साला नेतुया. माझ्या बापाचं बी न्यायचा. घ्या लिहून."

सारजाबाईनं तो फोटो त्याच्या देखत पुसला. अंगठा एकदाच दाबला आणि काम झालं. युवराजनं तिच्याकडं बघितलं नाही, तो उठला आणि चपला घालून चालू पडला. तो आता वर्षभर तरी तिच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही हे तिला कळत होतं. तिची हरकत नव्हती. नंतर येईल.

साहेबांनी ठराव बाजूला ठेवला. सगळ्या माळाची नीट तपासणी झाल्याशिवाय चर खोदता येणार नाहीत, कुंपणही घालता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मग ते सारजाबाईला म्हणाले, "बाई, छान काम केलंत. आता फक्त त्याचं बीळ कुठं आहे तेवढं सांगा, म्हणजे तपासणी लवकर उरकेल."

"न्हाय सांगायची."

"अहो, मी वनखात्याचा माणूस आहे. मी त्याला इजा करणार आहे का?"

"तुमी न्हाय करनार, साहेब. तुमी चांगलं मानूस दिसताय. पन उद्या तुमची बदली हुईल, तुमच्या जाग्यावर दुसरं कोन येतंय, त्येच्या मागनं आनी कोन येतंय. आमी हितंच हाय. तपासनी करायची तर खिंडीवर या, आमच्या संगं बसा, हप्ताभर बसा, जेवाया मी घालते. पल्याड पाऊल न्हाय टाकायचं. त्यो अल्याड येतुया, तितं बघा त्येला."

साहेब सिद्धेश्वरीकडं वळले, मुलगी शिकलेली आहे, ही तरी समजावेल या आशेनं. सिद्धेश्वरीनं हाताची घडी घातली.

"इल्ल, सर," ती म्हणाली. "बाई म्हणतात तसंच."

केराबाई उठून सारजाबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिच्या मागं बाकीच्या उठल्या, आपापले मोबाईल हातात घेऊन. साहेबांनी एकवार सगळ्यांकडं बघितलं, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "बरं. सोमवारपासून येतो. भाकरी ज्वारीची असेल ना?"

सभा उठल्यावर सारजाबाई देवळाच्या पायरीवर बसली आणि तिनं 'माळनोंद' उघडलं. खिंडीतला फोटो लावला. ॲपनं, न चुकता, "कुत्रा असावा" असं सुचवलं. तिनं त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि यादीतून लांडगा निवडला. फोटोखाली नोंद बोलून करायची सोय होती. तिनं मोबाईल तोंडाजवळ धरला, घसा साफ केला आणि देवळातल्या बिरोबालाही ऐकू जाईल असं म्हणाली, "हाय. आमचा भाऊ हाय. ऱ्हातो कुटं ते इचारू नका."

आणि ज्या अंगठ्यानं वर्षभर त्याला पुसलं होतं, त्याच अंगठ्यानं तिनं 'पाठवा' दाबलं.